विश्लेषण : फोमचे विमान हवेत सरळ का जाते? दीडशे वर्षांपूर्वी उत्तर शोधणारे आल्फोन्स पेनो कोण होते?

फोमच्या शीटमधून लेझर कटरने पंख, शेपटी कापायची, भाग गोंदाने जोडायचे, मोटर आणि बॅटरी बसवून विमान रिमोटने उडवायचे, हा छंद आता जगभर रुजला आहे. हातातून सुटलेले असे विमान कोलांटी न खाता पुढे जाते, त्यामागील तत्त्व पॅरिसमधील एका तरुणाने १८७१ मध्ये प्रत्यक्ष दाखवून दिले होते.

पेनो विमानांकडे कसे वळले?

आल्फोन्स पेनो यांचा जन्म १८५० चा. वडील फ्रेंच नौदलात ॲडमिरल होते. मात्र खुब्याच्या आजारामुळे मुलासाठी नौदलाची दारे बंद झाली. पेनो उड्डाणशास्त्राकडे वळले. त्या काळातील वाफेचे इंजिन उडण्यासाठी फार जड होते. पेनो यांनी १८७० मध्ये रबराला पीळ देऊन, तो सुटताना पंखा फिरवणारे छोटे हेलिकॉप्टर उडवले.

‘प्लॅनोफोर’चे महत्त्व काय?

१८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत त्यांचे ‘प्लॅनोफोर’ हे मॉडेल ११ सेकंद उडाले. सुमारे अर्धा मीटर लांब, वजन अवघे १६ ग्रॅम. त्याच्या पंखांची टोके वर वळवलेली होती. त्यामुळे ते एका बाजूला कलंडले तरी सावरत असे. शेपटी पंखांपेक्षा किंचित खालच्या कोनात बसवलेली होती. नाक वर गेले की ती ते खाली आणी. नाक खाली जाऊन वेग वाढला की पुन्हा वर उचली. चालकाविना तोल राखणारे हे पहिले यशस्वी विमान मॉडेल मानले जाते. योगायोग असा, की दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत ऑर्व्हिल राइट यांचा जन्म झाला.

मोठे विमान का झाले नाही?

१८७६ मध्ये पेनो यांनी पॉल गोशो यांच्यासह जमीन व पाण्यावरून उडू शकणाऱ्या विमानाचे पेटंट घेतले. त्यात आत ओढून घेता येणारी चाके होती आणि नियंत्रणासाठी एकच दांडा होता. पण पुरेसे हलके इंजिन नव्हते, पैसाही मिळेना. टीका आणि आजारपणाने खचलेल्या पेनो यांनी आपले आराखडे एका छोट्या शवपेटीत घालून अभियंते आंरी जिफार यांच्याकडे पाठवले. ऑक्टोबर १८८० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांनी जीवन संपवले.

वारसा कुठे पोहोचला?

१८७८ मध्ये राइट बंधूंना वडिलांनी पेनो यांच्या धर्तीचे रबरावर उडणारे खेळणे आणून दिले होते. तेथूनच त्यांना उड्डाणाची गोडी लागली. १९०३ मध्ये त्यांचे विमान उडाले.

लेझर कटर आज प्रत्येक भाग अचूक कापतो. तरीही पहिल्या उड्डाणाआधी मॉडेल दोन बोटांवर तोलून बॅटरी पुढे-मागे सरकवावी लागते, शेपटीचा कोन तपासावा लागतो. यंत्र बदलले, तोलाचा नियम पेनो यांच्या काळातलाच आहे.