चार्ल्स रिचर्ड ड्र्यू

चार्ल्स रिचर्ड ड्र्यू (३ जून, १९०४: वॉशिंग्टन, डी.सी. – १ एप्रिल, १९५०: नॉर्थ कॅरोलिना) हे अमेरिकन शल्यचिकित्सक, संशोधक व वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते. रक्त व रक्तद्रव साठविण्याच्या पद्धतींवरील संशोधनामुळे आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोठ्या रक्तपेढ्यांची उभारणी केल्यामुळे ते ओळखले जातात. पदवी मिळाल्यानंतर वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचण्यास त्यांना दोन वर्षे लागली.

बालपण

ड्र्यू यांचा जन्म वॉशिंग्टनमधील एका कृष्णवर्णीय मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. वडील रिचर्ड हे गालिचे बसविण्याचे काम करीत. आई नोरा यांनी शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले होते. पाच भावंडांत चार्ल्स सर्वांत थोरले होते. त्यांचे शालेय शिक्षण डनबार हायस्कूलमध्ये झाले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या शाळेचा शैक्षणिक दर्जा उत्तम मानला जाई. शाळेत अभ्यासापेक्षा खेळांत त्यांचे नाव अधिक होते. १९२० मध्ये क्षयाने आजारी असलेली त्यांची बहीण एल्सी इन्फ्लुएंझाच्या साथीत मरण पावली. पुढे वैद्यकाकडे वळण्यामागे या घटनेचा वाटा असल्याचे मानले जाते.

पदवी शिक्षण

खेळाडू म्हणून मिळालेल्या शिष्यवृत्तीच्या आधारे ड्र्यू यांनी १९२२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील ॲमहर्स्ट महाविद्यालयात प्रवेश घेतला. सुमारे ६०० विद्यार्थ्यांच्या या संस्थेत कृष्णवर्णीय विद्यार्थी केवळ १३ होते. फुटबॉल व धावण्याच्या स्पर्धांत त्यांनी नाव मिळविले. तेथील जीवशास्त्राचे प्राध्यापक ऑटो ग्लेझर यांच्या अध्यापनामुळे, तसेच फुटबॉलमधील दुखापतीमुळे रुग्णालयात राहावे लागल्यामुळे, त्यांच्या मनात वैद्यकीय विज्ञानाची ओढ निर्माण झाली. १९२६ मध्ये ते पदवीधर झाले.

वैद्यकीय शिक्षणासाठी लागणारा पैसा मात्र त्यांच्याजवळ नव्हता. म्हणून १९२६ ते १९२८ या काळात त्यांनी बाल्टिमोर येथील मॉर्गन महाविद्यालयात क्रीडा संचालक आणि जीवशास्त्र व रसायनशास्त्राचे शिक्षक म्हणून नोकरी केली व पगारातून बचत केली.

प्रवेशासाठीचे प्रयत्न

त्या काळी अमेरिकेतील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देत नसत किंवा अगदी मोजक्यांनाच देत. अशा विद्यार्थ्यांचा मुख्य आधार म्हणजे वॉशिंग्टनमधील हॉवर्ड विद्यापीठ व नॅशव्हिलमधील मेहॅरी महाविद्यालय. ड्र्यू यांनी हॉवर्डकडे अर्ज केला. परंतु पदवीच्या अभ्यासक्रमात इंग्रजी विषयाचे श्रेयांक कमी पडल्यामुळे तो नाकारला गेला. हार्वर्ड विद्यापीठाने प्रवेश देऊ केला, पण तो पुढील वर्षासाठी, म्हणजे १९२९ साठी होता. आणखी एक वर्ष थांबण्याऐवजी त्यांनी कॅनडातील माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठाची निवड केली.

मॅकगिल येथे त्यांनी चेतासंस्थेच्या शरीररचनाशास्त्रातील पारितोषिक मिळविले. १९३३ मध्ये १३७ विद्यार्थ्यांच्या वर्गात दुसऱ्या क्रमांकाने ते वैद्यकीय पदवी परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानंतर माँट्रियलमधील रुग्णालयांत काम करताना प्राध्यापक जॉन बीटी यांच्यासमवेत रक्तस्राव व आघाताने खालावलेल्या रुग्णांवर रक्त व अन्य द्रव देऊन उपचार कसे करावेत, या प्रश्नाचा त्यांनी अभ्यास केला. हाच पुढे त्यांच्या संशोधनाचा विषय ठरला.

संशोधन

अमेरिकेतील प्रमुख वैद्यकीय केंद्रांत पुढील प्रशिक्षण घेण्याची त्यांची इच्छा वर्णभेदामुळे लगेच पूर्ण झाली नाही. १९३५ मध्ये ते हॉवर्ड विद्यापीठात विकृतिशास्त्राचे अध्यापक म्हणून रुजू झाले. ज्या विद्यापीठाने विद्यार्थी म्हणून त्यांना नाकारले होते, तेथेच ते आता शिकवू लागले. १९३८ मध्ये रॉकफेलर पाठ्यवृत्ती मिळाल्यावर ते न्यू यॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे ॲलन व्हिपल यांच्या हाताखाली प्रशिक्षण घेत असताना जॉन स्कडर यांच्याबरोबर त्यांनी प्रायोगिक रक्तपेढी चालविली. साठविलेल्या रक्तात कोणते बदल होतात व ते किती काळ वापरता येते, याचा अभ्यास त्यांनी आपल्या प्रबंधात मांडला. १९४० मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना वैद्यकशास्त्रातील डॉक्टरेट दिली. ही पदवी तेथे मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन होत.

रक्तपेढीचे कार्य

रक्तातील पेशी वेगळ्या केल्यावर उरणारा रक्तद्रव संपूर्ण रक्तापेक्षा अधिक काळ टिकतो व त्या काळी तो देताना रक्तगट जुळविण्याची गरज सहसा मानली जात नसे. त्यामुळे युद्धभूमीवर त्याचे महत्त्व मोठे होते. १९४० मध्ये ब्रिटनला रक्तद्रव पाठविण्याच्या योजनेचे वैद्यकीय संचालन ड्र्यू यांच्याकडे आले. जानेवारी १९४१ पर्यंत सुमारे १४,५०० रक्तदाने स्वीकारण्यात आली. रक्त घेण्यापासून रक्तद्रव जंतुविरहित ठेवून पाठविण्यापर्यंतच्या सर्व कामांसाठी त्यांनी एकसारखी पद्धत घालून दिली. त्यानंतर अमेरिकन रेड क्रॉसच्या प्रायोगिक रक्तपेढीत फिरत्या रक्तदान वाहनांचा वापर सुरू झाला.

तथापि रेड क्रॉसने आरंभी कृष्णवर्णीयांचे रक्त स्वीकारलेच नाही. ज्या योजनेच्या उभारणीत ड्र्यू यांचा वाटा होता, तिच्यात त्यांना स्वतःला रक्तदान करता येत नव्हते. पुढे असे रक्त स्वीकारले जाऊ लागले, तरी ते वेगळे ठेवले जाई. या धोरणास शास्त्रीय आधार नसल्याचे ड्र्यू यांनी जाहीरपणे सांगितले.

अध्यापन व मृत्यू

१९४१ मध्ये ते हॉवर्ड विद्यापीठात शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख व फ्रीडमेन्स रुग्णालयाचे मुख्य शल्यचिकित्सक झाले. कृष्णवर्णीय तरुणांना शल्यचिकित्सेचे उच्च प्रशिक्षण मिळावे, हे त्यांनी उर्वरित आयुष्याचे मुख्य कार्य मानले. १९४४ मध्ये त्यांना स्पिंगार्न पदक देण्यात आले.

१ एप्रिल, १९५० रोजी टस्कीगी येथील वैद्यकीय शिबिरास जात असताना नॉर्थ कॅरोलिनातील बर्लिंग्टनजवळ मोटार अपघातात ते गंभीर जखमी झाले व त्यातच त्यांचे निधन झाले. कृष्णवर्णीय असल्यामुळे त्यांना उपचार नाकारले गेले, अशी समजूत पुढे रूढ झाली. ती खरी नाही. जवळच्या रुग्णालयातील गोऱ्या डॉक्टरांनी त्यांना वाचविण्याचे प्रयत्न केले होते. लॉस एंजेलिसमधील एका वैद्यकीय विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले असून १९८१ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.