दादाभाई आणि फिन्सबरीची तीन मते

अर्थशास्त्राच्या वर्गात दादाभाई नौरोजींचे नाव दरवर्षी निघते ते नि:सारण-सिद्धांताच्या निमित्ताने. हिंदुस्थानातून इंग्लंडकडे वाहत जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडणारा पहिला मोठा अभ्यासक, एवढी ओळख परीक्षेपुरती होते आणि आपण पुढच्या प्रकरणाकडे वळतो. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने मात्र वेगळीच शंका काढली. इंग्रजी राज्य आम्हांला दरिद्री करीत आहे असे जो गृहस्थ आकडेवारीनिशी सांगत होता, त्याला इंग्रजांनीच आपल्या पार्लमेंटात निवडून का द्यावे? प्रश्न साधा होता, पण त्याला जे उत्तर मी देऊ लागलो ते माझे मलाच पटेना.

आपल्याकडे याची दोन उत्तरे रूढ आहेत. एक, इंग्रज सामान्य माणूस मनाने उदार होता. राज्यकर्ते वेगळे आणि जनता वेगळी. दुसरे, पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी दादाभाईंचा काळा माणूस म्हणून उल्लेख केला आणि त्या अपमानाने चिडलेल्या मतदारांनी त्यांना विजयी केले. दोन्ही उत्तरे ऐकायला बरी वाटतात. परंतु एखाद्या घटनेचे कारण शोधताना निदान तारखा तरी जुळाव्यात. सॉल्सबरींचे भाषण नोव्हेंबर १८८८ मधले आणि निवडणूक जुलै १८९२ मधली. मतदारांचा संताप पावणेचार वर्षे टिकतो असा अनुभव कोणत्याच देशात फारसा नाही.

तेव्हा उत्तर शोधायचे तर आधी त्या मतदारसंघाकडे पाहिले पाहिजे. १८३२ च्या सुधारणा कायद्याने लंडनच्या उत्तरेकडील फिन्सबरीला दोन जागा मिळाल्या, तेव्हापासून हा भाग जहाल मतांचे ठाणे म्हणून प्रसिद्ध होता. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाचे संस्थापक टॉमस वाकली इथूनच निवडून येत. चार्टिस्ट कामगारांचा १८४२ चा प्रचंड अर्ज कॉमन्स सभेपुढे ठेवणारे टॉमस डंकूंब हेही इथलेच प्रतिनिधी. १८८५ मध्ये मतदारसंघांची फेरआखणी झाली, जुन्या फिन्सबरीचे तुकडे पडले आणि मध्य फिन्सबरी हा एका जागेचा मतदारसंघ अस्तित्वात आला. क्लार्कनवेल हा त्याचा गाभा. घड्याळजी, सोनार, छापखान्यातले कामगार, इटालियन निर्वासित अशी दाट वस्ती. स्वस्त स्विस आणि अमेरिकन घड्याळांनी तिथल्या कारागिरांचा धंदा बसत चालला होता. घरांची अवस्था तर इतकी वाईट, की १८८४-८५ च्या गृहनिर्माणविषयक शाही आयोगाने क्लार्कनवेलचा खास उल्लेख केला. मूळ जमीनदार एक, त्याच्याकडून पट्ट्याने घरे घेऊन खोल्या भाड्याने देणारे मध्यस्थ दुसरे. आणि स्वच्छतेची देखरेख ज्या स्थानिक मंडळाकडे, त्या मंडळावर हेच मध्यस्थ बसलेले. भाड्याच्या रूपाने परिसरातला पैसा बाहेर जातो आणि परत येत नाही, ही गोष्ट क्लार्कनवेलच्या भाडेकरूला कोणत्याही ग्रंथावाचून समजत होती.

मत मात्र त्यांतल्या थोड्यांनाच होते. साठ हजारांवर वस्तीच्या या भागात १८९२ साली दोन्ही उमेदवारांना मिळून सहा हजार मतेही पडली नाहीत. स्त्रियांना मताधिकार नव्हताच. पुरुषांपैकी कुटुंबप्रमुख, आणि वर्षाला दहा पौंड भाड्याच्या खोलीत सलग बारा महिने राहिलेला भाडेकरू, एवढेच पात्र. त्यातही भाडेकरूला दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागे. कामाच्या शोधात दोन गल्ल्या सोडून बिऱ्हाड हलवले की मत गेले. अशा व्यवस्थेत निवडणूक सभेत जिंकली जात नसे; ती यादी तयार होताना, नावे घालताना आणि विरुद्ध पक्षाची नावे कापताना जिंकली जात असे.

या यादीपर्यंत येऊन पोचलेला माणूस मूळचा गणिताचा प्राध्यापक होता. ४ सप्टेंबर १८२५ चा जन्म, वडील पारशी पुरोहित, ते लवकर वारले. आईने कष्टाने वाढवलेला हा मुलगा एल्फिन्स्टन संस्थेत शिकला आणि तिथेच गणित व पदार्थविज्ञान शिकवणारा पहिला हिंदी प्राध्यापक झाला. १८४९ मध्ये मुंबईत मराठी व गुजराती मुलींसाठी ज्या तरुणांनी शाळा काढल्या, त्यांत ते पुढे होते. १८५५ मध्ये कामा कंपनीचे भागीदार म्हणून ते इंग्लंडला गेले. अफू आणि मद्याच्या व्यापारातला नफा नको म्हणून त्यांनी ती भागीदारी लवकरच सोडली आणि स्वतःची पेढी काढली. धंद्यातील हिशेबाची सवय त्यांनी मग देशाच्या हिशेबाला लावली. १८६७ ते १८७० या काळात ब्रिटिश हिंदुस्थानातील माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे वीस रुपये आहे, असे त्यांनी सरकारच्याच अहवालांवरून दाखवून दिले. सरकार तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर याहून अधिक खर्च करीत होते. आजच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या मापनपद्धतीशी ताडून पाहता त्या हिशेबात त्रुटी आहेत, सेवाक्षेत्र त्यात जवळजवळ नाहीच. पण तुलनेसाठी तुरुंग निवडण्यात जी धार आहे, ती नंतरच्या पुष्कळ अचूक अंदाजांत आढळत नाही.

बडोद्याची दिवाणगिरी, मुंबईची नगरपालिका, मुंबईचे कायदेमंडळ हे सर्व मधल्या काळात झाले. बडोद्यात तर वर्षभरातच राजीनामा द्यावा लागला. यातून एक गोष्ट त्यांच्या मनात पक्की झालेली दिसते. हिंदुस्थानच्या खजिन्याची किल्ली मुंबईत किंवा कलकत्त्यात नसून वेस्टमिन्स्टरला आहे. तेव्हा आकडे सांगायचे तर तिथे उभे राहून सांगितले पाहिजेत. लालमोहन घोष यांनी डेप्टफर्डमधून १८८५ आणि १८८६ मध्ये तसा प्रयत्न करून पाहिला होता, तो फसला. (दादाभाईंना पहिले हिंदी खासदार म्हणताना जाणकार डाइस सोंब्र यांची आठवण देतात. सरधन्याच्या बेगम समरूचा हा वारस १८४१ मध्ये सडबरीहून निवडून आला आणि लाच दिल्याच्या आरोपावरून पुढच्याच वर्षी त्याची निवड रद्द झाली. हिंदुस्थानचा प्रतिनिधी म्हणून तो उभा नव्हता, एवढे सांगितले की पुरे.)

१८८६ च्या उन्हाळ्यात दादाभाई उदारमतवादी पक्षातर्फे होबर्नमधून उभे राहिले ते तयारी न करताच. कर्नल डंकन यांनी त्यांना सहज हरवले. हा पराभव त्यांनी एखाद्या चुकलेल्या उदाहरणासारखा तपासला असावा, कारण पुढच्या खेपेस सर्व पद्धतच बदललेली दिसते. १८८६ च्या डिसेंबरात कलकत्त्याला काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवून ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि १८८८ मध्ये मध्य फिन्सबरीच्या स्थानिक पक्षसंघटनेकडून त्यांनी उमेदवारी मिळवली. मिळवली म्हणण्यापेक्षा लढून घेतली असेच म्हणावे लागेल. त्याच पक्षाच्या रिचर्ड ईव्ह यांनी ती निवड अवैध ठरवून स्वतःची उमेदवारी पुढे रेटली. केंद्रातील पक्षनेत्यांना तर हा परदेशी उमेदवार गेला तर बरे असेच वाटत होते. इंग्रजांच्या उदारपणाची कथा सांगताना आपण हा भाग गाळतो. दादाभाईंना पहिली लढाई हुजूर पक्षाशी नव्हे तर स्वतःच्या पक्षाशी द्यावी लागली, आणि ती जवळजवळ चार वर्षे चालली.

सॉल्सबरींचे भाषण याच सुमारास एडिंबरोला झाले. कर्नल डंकन यांच्या निधनामुळे होबर्नला पोटनिवडणूक झाली होती आणि तीत हुजूर पक्षाचे मताधिक्य घटले होते. त्याचे समर्थन करताना, मागच्या वेळी विरुद्ध बाजूला काळा माणूस होता आणि तशा माणसाला निवडून देण्याइतका इंग्रज मतदार अजून पुढे गेलेला नाही, अशा आशयाचे ते बोलले. ग्लॅडस्टन यांच्यासह अनेकांनी निषेध केला. दादाभाईंचा वर्ण लॉर्डसाहेबांपेक्षा उजळ आहे, असेही काही पत्रांनी लिहिले. या प्रकरणाने दादाभाईंचे नाव घरोघर गेले हे खरेच. परंतु त्यामुळे ईव्ह यांनी माघार घेतली नाही की मतदारयादीत एका भाडेकरूचेही नाव वाढले नाही.

नावे वाढली ती रोजच्या पायपिटीने. दादाभाई तेव्हा पासष्टीच्या आसपास होते. क्लार्कनवेलमधील क्लब, मद्यपानबंदी मंडळे, कामगारांच्या सभा यांत ते वर्षानुवर्षे हजेरी लावत. आयर्लंडचे स्वराज्य, कामाचे आठ तास, लंडनच्या नगरशासनाचे अधिकार, स्त्रियांचा मताधिकार हे प्रश्न त्यांनी अभ्यासले आणि त्यांवर निःसंदिग्ध मते दिली. हिंदुस्थान हा त्यांच्या प्रचारातला एक विषय होता, पहिला नव्हे. यात कोणाला संधिसाधूपणा वाटेल. मला तो वाटत नाही. ज्याची मते मागायची त्याच्या छपराची गळती आधी पाहायची, एवढे साधे तत्त्व त्यात आहे. खर्चाचा भार मात्र मोठा होता. खासदाराला वेतन मिळू लागले ते १९११ मध्ये. त्याआधी मतदान-अधिकाऱ्यांचा खर्चसुद्धा उमेदवारांकडूनच वसूल होई.

समोर होते हुजूर पक्षाचे विद्यमान सभासद कॅप्टन फ्रेडरिक पेंटन. त्याच भागातील पेंटनव्हिल ही वसाहत ज्या जमीनदार घराण्याच्या नावाने ओळखली जाते, त्याच घराण्यातले. जमिनीचा मालक एका बाजूला आणि मुंबईचा पारशी दुसऱ्या बाजूला. पहिल्या मोजणीत दादाभाईंना पाच मते अधिक पडली. फेरमोजणीनंतर २९५९ विरुद्ध २९५६, म्हणजे तीन. त्यांचे आडनाव इंग्रज जिभेला जड जाई, तेव्हा थट्टेखोरांनी त्याचेच 'नॅरो मेजॉरिटी' असे रूपांतर केले.

त्या वर्षी वारा ग्लॅडस्टन यांच्या बाजूचा होता हे विसरता येत नाही. वाऱ्याने मध्य फिन्सबरी बरोबरीच्या रेषेपर्यंत आणली असेल, पण ती रेषा ओलांडणारी तीन मते चार वर्षांच्या पायपिटीची होती, हा माझा निष्कर्ष आहे. कुठल्या तीन घरांतली, हे गुप्त मतदानामुळे कोणालाच सांगता येणार नाही.

पार्लमेंटात ते तीनच वर्षे होते. २ जून १८९३ रोजी हर्बर्ट पॉल यांनी मुलकी सेवेची परीक्षा हिंदुस्थानात आणि इंग्लंडात एकाच वेळी घ्यावी असा ठराव मांडला. दादाभाईंनी त्याला पाठिंबा दिला आणि तो ८४ विरुद्ध ७६ मतांनी संमत झाला. मग सरकारने तो हिंदुस्थानातील प्रांतिक सरकारांकडे अभिप्रायासाठी पाठवला. मद्रास सोडून सर्वांनी विरोध केला आणि कॉमन्स सभेने मंजूर केलेला ठराव बासनात गेला. बड्या पगाराच्या नोकऱ्या आणि निवृत्तिवेतने हा दादाभाईंच्या हिशेबात संपत्तीच्या ओघाचा एक मुख्य पाट होता. तो बांधून काढण्याची संधी सभेतल्या बहुमताला मिळाली आणि कचेरीतल्या शेऱ्याने ती काढून घेतली. वेस्टमिन्स्टरला किल्ली आहे या त्यांच्या विश्वासाला बसलेला हा पहिला मोठा तडा.

१८९५ मध्ये वारा फिरला. हुजूर पक्ष व त्यांचे मित्र ४११, उदारमतवादी १७७ असा देशभर धुव्वा उडाला आणि त्यात मध्य फिन्सबरीही गेली. मॅसी-मेनवेअरिंग आठशेंहून अधिक मतांनी विजयी झाले. याच निवडणुकीत लंडनच्याच ईशान्य बेथनल ग्रीनमधून हुजूर पक्षातर्फे मंचेरजी भावनगरी निवडून आले. तेही पारशी, तेही मुंबईचे, आणि काँग्रेसच्या राजकारणाचे विरोधक. एका हिंदी गृहस्थाला पाडणाऱ्या लंडनने त्याच आठवड्यांत दुसऱ्याला निवडून दिले. कातडीचा रंग आणि उदार अंतःकरण या दोन्ही कारणांचा फोलपणा दाखवायला एवढे एक उदाहरण मला पुरेसे वाटते.

पुढे दादाभाई हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगाचे सभासद झाले, वेडरबर्न आणि केन यांच्यासह त्यांनी भिन्नमतपत्रिका लिहिली, १९०१ मध्ये त्यांचा दारिद्र्यावरील मोठा ग्रंथ निघाला. १९०६ मध्ये, ऐंशी वर्षांचे असताना, त्यांनी उत्तर लँबेथमधून पक्षाच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध पुन्हा निवडणूक लढवली. त्या वर्षी उदारमतवाद्यांची लाट होती आणि दादाभाईंना मते पडली जेमतेम सातशेंच्या घरात. पायपीट करायचे वय उरले नव्हते आणि संघटना पाठीशी नव्हती. त्याच वर्षअखेरीस कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये, अध्यक्ष म्हणून, त्यांनी स्वराज्य हे ध्येय जाहीर केले.

१९०७ मध्ये ते परतले आणि वर्सोव्याला राहिले. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. मध्य फिन्सबरी त्यानंतर एका वर्षाहून थोडी अधिक टिकली. १९१८ च्या कायद्याने तो मतदारसंघ पुसला गेला. त्याच कायद्याने भाड्याच्या दहा पौंडांची अट काढून सर्व प्रौढ पुरुषांना मत दिले, आणि तीस वर्षांवरील बहुतेक स्त्रियांनाही.