बाप्तिस्म्यानंतरचे टिळक

टिळक हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे लोकमान्य उभे राहतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच रत्नागिरी जिल्ह्याने त्याच पिढीत आणखी एक टिळक मराठी भाषेला दिले. करजगाव येथे १८६१ साली जन्मलेले नारायण वामन टिळक हे ते दुसरे टिळक. त्यांच्या फुलामुलांवरील कविता पिढ्यान्‌पिढ्या शाळेत पाठ झाल्या. असे असूनही त्यांच्या नावामागील रेव्हरंड ही उपाधी आली की आमचा हिंदू वाचक किंचित अडखळतो, आणि गोमंतकातील वाचक तर अंमळ अधिकच. त्यास आम्ही दोष देत नाही. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्प खंड सोडल्यास, इन्क्विझिशनची छाया ज्या भूमीवर होती, जेथे बाप्तिस्म्याबरोबर माणसाचे नाव, आडनाव आणि पेहरावही बदलत असे आणि जेथे १६८४ साली लोकांच्या बोलीवरच फर्मान निघाले, तेथे धर्मांतर या शब्दाला सत्तेचा वास येणारच. म्हणूनच टिळकांचे चरित्र गोव्यात बसून वाचण्याजोगे आहे. त्यांच्या धर्मांतरामागे सत्ता नव्हती. त्याहून विशेष असे की, त्यांची खरी श्रद्धा बाप्तिस्म्याच्या दिवशी पुरी झाली नाही. ती त्यानंतर वाढू लागली.

वडील वामनराव सरकारी नोकरीतले, स्वभावाने अतिशय तापट. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली. हे मातृछत्र लहानपणीच हरपले. नाशकास गणेशशास्त्री लेले यांजपाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १८८० साली जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी लग्न झाले. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक. यानंतरची बारापंधरा वर्षे म्हणजे नुसती वणवण. आज शाळामास्तर, उद्या पुराणिक, परवा छापखान्यात. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये नवऱ्याच्या या लहरींचे वर्णन हसत हसत केले आहे, मात्र ते हसू किती महाग पडले असेल, हे वाचणाऱ्या प्रत्येक गृहिणीस कळते. नागपुरास अप्पासाहेब बुटी यांचा आश्रय मिळाला, विद्वानांत नाव झाले, तरी चित्त स्वस्थ नव्हते. जातिभेदाने पोखरलेला हा देश उभा कसा राहणार, ही चिंता त्यांना खात होती. एकच ईश्वर आणि सारी माणसे त्याची लेकरे, अशा धर्तीचा एखादा नवा धर्म भारतासाठी रचावा, असाही विचार त्यांच्या डोक्यात घोळत होता.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एक अनोळखी युरोपियन गृहस्थ भेटला. बोलणे निघाले. त्याने नव्या कराराची प्रत हाती दिली, वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करून तो निघून गेला. टिळकांनी पुस्तक वाचावयास घेतले ते केवळ वचनासाठी. प्रारंभी त्यात मन रमेना. पण मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. आपण जो धर्म रचू पाहत होतो त्याचा गाभा येथे कोणीतरी आधीच जगून दाखविला आहे, असे त्यांना वाटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत रोकडी होती. चित्पावन ब्राह्मण समाजाच्या लेखी ते मेले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूस घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या; नवरा जिवंत असूनही काही वर्षे त्यांच्या वाट्याला वैधव्यासारखे दुःख आले. पुढे त्या अहमदनगरास आल्या, तरी सोवळेओवळे सांभाळून वेगळ्याच राहिल्या. टिळकांनी सक्ती केली नाही. जात ही देवाने केलेली नसून माणसाने केली आहे, या निष्कर्षाला लक्ष्मीबाई आपल्या विचाराने आल्या आणि १९०० साली मुलासह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या पांडित्याहून लक्ष्मीबाईंचा हा संथ प्रवास आम्हांस कधी कधी मोठा वाटतो, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

नगरास टिळक मिशनच्या विद्यालयात शिकवू लागले. १९०४ साली त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. येथे एखादा सामान्य माणूस स्थिरावला असता. पगार होता, मान होता, मोठ्या संस्थेचे पाठबळ होते. पण याच काळात त्यांच्या श्रद्धेने वळण घेतले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांचा भर वादावर असे. प्रतिपक्षाचे खंडन ही शास्त्र्याची जुनी सवय. ती हळूहळू गळून पडली आणि तिची जागा भक्तीने घेतली. ही भक्ती त्यांना परदेशातून आणावी लागली नाही. ती आईच्या ओव्यांत होती, वारकऱ्यांच्या टाळमृदंगात होती. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगू लागले. यहुद्यांना जसा जुना करार, तशी आम्हां मराठी माणसांना संतवाणी, ही त्यांची भूमिका होती. ती मिशनमधील अनेकांना रुचणारी नव्हती, आणि आमच्या सनातन्यांना तर नाहीच.

तोवर मराठी देवळांतली ख्रिस्ती गाणी बहुतांशी इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसविलेली भाषांतरे असत. टिळकांनी त्यांच्या जागी अभंग आणि पदे आणली, ख्रिस्ताचे कीर्तन उभे केले. त्यांची पदे मराठी ख्रिस्ती मंडळी उपासनेत गातात. ‘अभंगांजली’ झाली, आणि पुढे ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ त्यांनी आरंभिले. येथे गोमंतकीय वाचकास फादर स्टीफन्स आठवेल. १६१६ साली राशोलास छापलेले त्याचे ‘क्रिस्तपुराण’ही ओवीतच आहे. इंग्लंडात जन्मलेल्या त्या जेझुइटाला मराठीची थोरवी कळली होती. पण ती त्याने कष्टाने मिळविलेली भाषा होती. टिळकांना ती दुधातून मिळाली. आणि स्टीफन्सच्या मागे राज्य होते, टिळकांच्या मागे नव्हते.

त्यांचे नाव नारायणच राहिले. मुलगा देवदत्त, मुलगी तारा. घरात बालकवी ठोमरे पुत्रवत राहिले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ज्या मुलाचे कौतुक झाले, तोच हा. टिळकांच्या पंखाखाली वावरूनही बालकवी अखेरपर्यंत हिंदूच होते. ज्याचा स्वतःच्या श्रद्धेवर विश्वास असतो, त्याला दुसऱ्यास घाईने ओढण्याची गरज पडत नसावी.

१९४४ साली त्रिस्ताव ब्रागांस कुन्यांनी गोवेकरांच्या अराष्ट्रीयीकरणावर पुस्तक लिहिले. स्वतः ख्रिस्ती कुळात जन्मलेल्या या देशभक्ताने परक्या सत्तेने धर्मांतराच्या हाताने भाषा व स्वत्व कसे हिरावले ते मांडले. आमच्या मुक्तिलढ्यात ते पुस्तक हातोहात फिरले. टिळकांनी हाच रोग ब्रिटिश मुलखात पाहिला होता. मिशनऱ्यांनी धनी न होता सेवक व्हावे, हिंदी ख्रिस्ती समाजाने परक्या पैशावर व परक्या रीतिभातीवर जगू नये, असे ते मिशनमध्ये राहून स्पष्ट बोलत. अखेर १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताचा शिष्य म्हणविणाऱ्या कोणासही, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, तेथे मुभा होती. ज्या विधीसाठी बावीस वर्षांपूर्वी त्यांनी घरदार गमावले होते, त्याच विधीची अट त्यांनी दाराबाहेर ठेवली.

सगळेच आम्हांस पटते असे नव्हे. हा देश एक दिवस ख्रिस्तचरणी येईल ही त्यांची आशा कधी सुटली नाही, आणि त्या आशेत हिंदू वाचक सहभागी होऊ शकत नाही. दरबारही त्यांच्या माघारी टिकला नाही. पण त्याला वेळच किती मिळाला? दोन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच, ९ मे १९१९ रोजी, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळकांचे देहावसान झाले. आपला देह पुरू नये, त्याचे दहन करावे, अशी इच्छा त्यांनी लिहून ठेवली होती. त्याप्रमाणे दहन झाले आणि अस्थी नगरास नेण्यात आल्या.

‘ख्रिस्तायना’चे जेमतेम आरंभीचे अध्याय झाले होते. ते पुढे लिहावयास बसल्या लक्ष्मीबाई. ज्यांना नवऱ्याच्या धर्मांतराच्या वार्तेने वेड लागायची पाळी आली होती, आणि ज्यांचे शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच, त्या बाईंनी ओवीमागून ओवी रचीत साठाहून अधिक अध्याय लिहिले. शेवट देवदत्तांनी केला.