अर्ल सदरलँड : पेशीतला निरोप्या शोधणारा डॉक्टर

शरीरक्रियाशास्त्राच्या पुस्तकात चक्रीय ए.एम.पी. हे नाव एका ओळीत येऊन जाते. त्या ओळीमागच्या माणसाचे चरित्र मी वाचले, तेव्हा ती ओळ मिळवायला किती वर्षे खर्ची पडली हे कळले. शिवाय घरातल्या वृद्धांच्या एका नेहमीच्या तक्रारीचा अर्थही उमगला.

अर्ल सदरलँड यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९१५ रोजी अमेरिकेतील कॅन्सास राज्यात बर्लिंगेम या लहान गावी झाला. महामंदीच्या काळात घरची परिस्थिती खालावली. शिष्यवृत्ती आणि रुग्णालयातील नोकरी यांवर त्यांनी महाविद्यालयीन शिक्षण पुरे केले. १९४२ साली सेंट लुईस येथे ते डॉक्टर झाले. महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून काम करून परतल्यावर दवाखाना न थाटता ते कार्ल कोरी यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले.

माणूस घाबरला की रक्तात ॲड्रिनॅलिन येते आणि यकृतातली साखर मोकळी होते. पण हे संप्रेरक यकृताच्या पेशीला आज्ञा देते कसे? पेशी फोडली की संप्रेरकाचे काम थांबते, असाच तेव्हा बहुतेकांचा समज होता. पुढे क्लीव्हलँड येथे सदरलँड व थिओडोर रॉल यांनी फोडलेल्या पेशींवरच प्रयोग केला आणि काम झाले! त्या मिश्रणातून पेशींच्या आवरणाचे तुकडे काढले की परिणाम थांबे, ते परत घातले की सुरू होई. संप्रेरकामुळे या तुकड्यांवर एक छोटा, उष्णतेने न बिघडणारा पदार्थ तयार होत होता. तोच चक्रीय ए.एम.पी. म्हणजे संप्रेरक दारातच थांबते आणि आतला निरोप हा दुसरा निरोप्या नेतो.

एकच पदार्थ इतक्या निरनिराळ्या आज्ञा कशा पोचवील, अशी शंका अनेकांनी घेतली. सदरलँड वाद घालण्यापेक्षा प्रयोग करीत राहिले. १९७१ साली त्यांना एकट्याला वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ९ मार्च १९७४ रोजी, वयाच्या अवघ्या ५८व्या वर्षी, ते निवर्तले.

आता वृद्धांच्या तक्रारीकडे वळतो. आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातले बहुतेक पाणी शरीराला परत देतात. पाणी राखून ठेवण्याची आज्ञा मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक आणते. मूत्रपिंडाच्या नलिकांत तो निरोप चक्रीय ए.एम.पी.च पुढे नेतो आणि पेशींच्या आवरणात पाण्याच्या वाटा उघडतात. म्हातारपणी रक्तातले व्हॅसोप्रेसिन सहसा कमी पडत नाही. पण मूत्रपिंड त्याला पूर्वीसारखी दाद देत नाही. म्हाताऱ्या उंदरांच्या मूत्रपिंडात या पाणवाटाही कमी आढळल्या आहेत. वृद्धांना रात्री पुन्हा पुन्हा उठावे लागते, त्याचे हे एक कारण.

त्यात वयाबरोबर तहानही मंदावते. म्हणून उन्हाळ्यात आजोबा पाणी मागतील याची वाट पाहत बसू नये. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर आपणच तांब्या-भांडे पुढे करावे. रात्री उठावे लागते म्हणून आजी दिवसाही पाणी टाळत असेल, तर तिला समजावून सांगावे. सदरलँडांच्या शोधाचा एवढा उपयोग तर आपण घरबसल्या करू शकतो.