आग्नेस पोकेल्स

साजगावच्या विद्यार्थ्यांनो, जेवणें आटोपल्यावर टोपांतील पाण्यावर तेलाचा तवंग कसा पसरतो, हें तुम्ही घरोघरीं पाहिलें असेल. त्याच तवंगाकडे बारकाईनें पाहून एका मुलीनें शास्त्रांत नवें दालन उघडलें. तिचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

आग्नेसचा जन्म ता. १४ फेब्रुवारी १८६२ रोजीं व्हेनिस शहरीं झाला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यांत होते. हिंवतापानें त्यांची प्रकृति खालावल्यामुळें १८७१ सालीं हें कुटुंब जर्मनींतील ब्राउनश्वाइग येथें राहावयास आलें. कन्याशाळेंत आग्नेसला पदार्थविज्ञानाची गोडी लागली. परंतु तेथील विद्यापीठांचीं द्वारें तेव्हां स्त्रियांस बंद होतीं. घरकाम व आजारी आईबापांची शुश्रूषा तिच्याकडे आली. धाकटा भाऊ फ्रीड्रिख मात्र विद्यापीठांत गेला, आणि त्यानेंच बहिणीस शास्त्रीय पुस्तकें पुरविलीं.

विशीच्या सुमारास तिनें पत्र्याचें एक उथळ पात्र वापरून प्रयोग आरंभिले. पात्र कांठोकांठ भरून पाण्यावरून पत्र्याची पट्टी सरकविली, म्हणजे स्निग्ध पदार्थाचा थर आकुंचित होई. मग लहानशी चकती पाण्यावरून उचलण्यास किती जोर लागतो, हें ती तराजूनें मोजी. जवळजवळ दहा वर्षें ह्या कामाची कोणीं दखल घेतली नाहीं. अखेर जानेवारी १८९१ मध्यें तिनें इंग्लंडांतील लॉर्ड रॅले ह्यांस पत्र लिहिलें. त्या थोर शास्त्रज्ञांनीं पत्नीकडून त्याचें भाषांतर करवून तें 'नेचर' साप्ताहिकाकडे धाडलें, व मार्चमध्यें तें प्रसिद्ध झालें.

पुढें अमेरिकेंत लँगम्यूर ह्यांनीं ह्याच पात्रांत सुधारणा करून एका रेणूइतक्या जाडीच्या थरांचा अभ्यास केला, आणि त्यांच्या सहकारी कॅथरीन ब्लॉजेट ह्यांनीं असे थर घन पृष्ठांवर चढविले. आज शास्त्रज्ञ सोन्याचांदीच्या विद्युदग्रांवर, म्हणजे वीज ज्या धातूच्या टोकांतून उपकरणांत शिरते त्यांवर, एकेरी रेणूंचा थर बसवितात. त्या रेणूंचें धन टोक बाहेर आहे कीं ऋण, ह्यावर धातूंतून विद्युत्कण निघणें सोपें कीं अवघड हें ठरतें; आणि योग्य रेणू निवडल्यास कार्बनी पदार्थांच्या उपकरणांत वीज सुलभतेनें शिरते.

१९३२ सालीं, सत्तराव्या वर्षीं, ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यालयानें बाईंस सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. त्याच वर्षीं लँगम्यूर ह्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. १९३५ सालीं बाई निवर्तल्या.

पालकहो, देवानें बुद्धीचें दान मुलामुलींत निवड करून दिलेलें नाहीं. भावाला पुस्तक व बहिणीला केवळ भांडीं, अशी वांटणी आपण तरी करूं नये, एवढीच आमची विनंती आहे.