बावडीतला ब्रह्मराक्षस : गजानन माधव मुक्तिबोध

संथ, प्रतीकांनी भरलेली कलाकृती संपली की प्रेक्षक गप्प होतात. काही जण आतून हलले म्हणून गप्प असतात, काही जण आपल्याला कळले नाही हे शेजाऱ्याला कळू नये म्हणून. बाहेरून दोन्ही शांतता सारख्याच दिसतात, आणि वादाला तोंड फुटते ते येथूनच.

गेल्या पावसाळ्यात गोसीखुर्दला आमच्या घरी आम्ही चार-पाच मित्रांनी युरी नॉर्स्टाइन या रशियन दिग्दर्शकाचा १९७९ सालचा ‘गोष्टींची गोष्ट’ हा ॲनिमेशनपट पाहिला. अर्ध्या तासाचा हा चित्रपट. अंगाईगीतातला करडा लांडगा, एक जुने घर, नाचणारी जोडपी, आणि नाचता नाचता एकेक पुरुष नाहीसा होऊन युद्धावर जातो. सरळ अशी कथा नाही. आमच्यातल्या एकाने चित्रपट संपताच निकाल दिला की हे शुद्ध ढोंग आहे. ज्याला सांगण्यासारखे काही नसते तो हळू बोलतो. दुसऱ्याला डोळे पुसावे लागले होते, पण का ते त्याला सांगता येईना. त्यामुळे वादात त्याची बाजू पडली. सांगता न येणे हा वादात गुन्हाच ठरतो!

हा प्रश्न माझ्या दृष्टीने नुसत्या आवडीनिवडीचा नाही. वैनगंगेवरचे इंदिरासागर धरण आमच्या गावाशीच उभे आहे. वरच्या अंगाची गावे पाण्याखाली गेली, माणसे पुनर्वसनाच्या वसाहतींत गेली. आता आमच्या पिढीतला जो तो कविता लिहितो तेव्हा तिच्यात बुडालेले देऊळ, पाण्यातले वाळके झाड आणि थांबलेली नाव असतेच. ही प्रतीके इतकी हाताशी आहेत की ती वापरताना लाज वाटावी. त्यांच्यात खोली आहे की नुसते पाणी आहे, हे ओळखायचे कसे? उत्तर शोधताना मला चित्रपटांपेक्षा एका माणसाचे आयुष्य अधिक उपयोगी पडले. हा माणूस आपल्या नागपुरात दहा वर्षे राहिला. त्याच्यावरही दुर्बोधतेचा आरोप झाला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही.

गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. घर मराठी. वडील माधवराव पोलीस खात्यात, त्यामुळे बदल्या नित्याच्या आणि शाळाही बदलत्या. आई वाचनाची भोक्ती. प्रेमचंदांची गोडी आपल्याला आईनेच लावली, असे पुढे त्यांनी लिहून ठेवले आहे. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहू लागले आणि मराठी नवकाव्यात व समीक्षेत त्यांनी मानाचे स्थान मिळवले. थोरल्याने हिंदी पत्करली. एकाच घरातून दोन भाषांना दोन कवी मिळावेत ही गोष्ट मराठी वाचकांनी जितकी अभिमानाने सांगायला हवी तितकी आपण सांगत नाही. थोरले मुक्तिबोध हिंदीचे म्हणून आपण त्यांना परके मानले.

इंदूरला बी.ए. झाल्यावर त्यांचा मास्तरकीचा प्रवास सुरू झाला. १९३९ मध्ये त्यांनी घरच्यांच्या मनाविरुद्ध शांताबाईंशी विवाह केला. उज्जैन, शुजालपूर, बनारस, जबलपूर अशी गावे आणि तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या होत गेल्या. १९४३ साली अज्ञेयांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’ या संग्रहातल्या सात कवींपैकी ते एक होते. हिंदीतील नव्या कवितेचा आरंभ येथे मानतात. म्हणजे पंचविशीतच नाव झाले होते. त्या नावावर स्वार होऊन त्यांना आरामात जगता आले असते. त्यांना ते जमले नाही.

१९४८ मध्ये ते नागपूरला आले. प्रथम सरकारी माहिती खात्यात, मग आकाशवाणीवर, आणि १९५६ पासून ‘नया खून’ या साप्ताहिकात. तिशी उलटून गेल्यावर त्यांनी नागपूर विद्यापीठाची एम.ए. पदवी घेतली. घरात मुलेबाळे, डोक्यावर कर्ज, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात लांबच लांब कविता. (एक गंमत सांगतो. त्यांच्या शहरातली नागनदी कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला, आणि नागपूरची सारी घाण वाहत आमच्या धरणात येऊन थांबते. मुक्तिबोधांना हे प्रतीक खचित आवडले असते. आम्हाला ते नाकाला रुमाल लावून पाहावे लागते.)

१९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली आणि आयुष्यात प्रथमच थोडे स्थैर्य आले. राहायला जुन्या राजवाड्याच्या आवारातले घर. एका बाजूला राणीसागर, दुसऱ्या बाजूला बूढासागर, मध्ये ही वास्तू, आणि आत वर जाणारा अरुंद चक्राकार जिना. ज्यांनी त्यांची कविता वाचली आहे त्यांना वेगळे सांगायला नको की हे जिने, ही तळी आणि हे अंधारे दालन तिच्यात जागोजागी येते.

‘ब्रह्मराक्षस’ ही कविता घ्या. गावाबाहेरच्या पडक्या बावडीत, थंड काळ्या पाण्यात, खोल बुडालेल्या पायऱ्यांवर एका विद्वानाचे भूत राहते. ते अहोरात्र अंग घासून स्वतःला स्वच्छ करू पाहते आणि मळ काही जात नाही. मी ही कविता प्रथम वाचली तेव्हा पाण्याखालच्या पायऱ्यांनी मला धरले, कारण तशा पायऱ्या मी पाहिल्या आहेत. पण कवितेचा जीव पायऱ्यांत नाही. ज्ञान मिळवले, ते कुणाच्या उपयोगी पडले नाही, आणि आता ते कुजते आहे, ही सुशिक्षित माणसाची शरम तेथे आहे. बावडी त्या शरमेसाठी आली आहे. आमच्या कवितांत बुडालेले देऊळ येते ते बहुधा दुसऱ्या कशासाठी येत नाही. ते सुंदर दिसते म्हणून येते. फरक मला येथे प्रथम स्वच्छ दिसला.

‘अंधेरे में’ ही त्यांची सर्वांत मोठी कविता १९५७ ते १९६२ या काळात घडत गेली. ती वाचताना ॲनिमेशन पाहिल्याचा भास होतो, ही माझी कल्पना, समीक्षकांची नव्हे. भिंतीचा गिलावा ढासळतो आणि त्यातून आपोआप एक चेहरा तयार होतो. मध्यरात्री बँड वाजवीत एक मिरवणूक निघते. तिच्यात सैन्य, रणगाडे, आणि त्यांच्याबरोबर शहरातले प्रतिष्ठित पत्रकार, कवी, उद्योगपती व एक कुप्रसिद्ध खुनी चालत असतात. टिळकांच्या पुतळ्याच्या नाकातून रक्त वाहते. गांधीजी निवेदकाच्या हाती एक मूल देतात. त्या मुलाची सूर्यफुले होतात आणि फुलांची बंदूक होते. हे सारे स्वप्नाच्या न्यायाने चालते. तरी मिरवणुकीतले लोक कोण, हे कुणालाही कळते. दिवसा सभ्य दिसणारी माणसे रात्री कुणाबरोबर चालतात हे सांगायला साधी बातमी पुरत नाही, असे एका वार्ताहराला वाटले, आणि बातम्या लिहिण्याचे काम त्याने नागपुरात केलेच होते.

आपल्या रीतीचा विचारही त्यांनी मांडून ठेवला आहे. कलेचे तीन क्षण असतात असे ते म्हणत. पहिला, जीवनातला उत्कट अनुभव. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळापासून सुटून डोळ्यांपुढे एक फँटसी म्हणून उभा राहतो तो. तिसरा, ती फँटसी शब्दांत उतरू लागते आणि उतरता उतरता बदलते तो. माझ्या मते ढोंगी कलावंत पहिला क्षण गाळून एकदम दुसऱ्यापासून सुरुवात करतो. त्याच्याजवळ धुके असते, पण धुक्यात हरवलेले काही नसते. नॉर्स्टाइनच्या चित्रपटातल्या नाहीशा होणाऱ्या पुरुषांमागे महायुद्धातून न परतलेली पिढी आहे, म्हणून तो संथपणा मला सोसतो.

येथे एक सावधगिरी हवी. कवी गरीब होता, त्याने सोसले, म्हणून कविता खोल, हा युक्तिवाद मला मान्य नाही. उपाशी माणूसही वाईट कविता लिहू शकतो. मुक्तिबोधांच्याही काही कविता अकारण लांबल्या आहेत. तोच चंद्र, तेच घुबड, तीच विहीर पुनःपुन्हा येते आणि वाचक थकतो. आरोप करणारेही सामान्य नव्हते. नामवर सिंह यांनी १९६८ च्या ‘कविता के नये प्रतिमान’ या ग्रंथात ‘अंधेरे में’ला अग्रस्थान दिले, तर रामविलास शर्मा यांनी १९७८ मध्ये ‘नयी कविता और अस्तित्ववाद’ लिहून याच कवीत रहस्यवाद आणि दुभंगलेले मन पाहिले. दोघेही मार्क्सवादी, दोघेही जाणकार. तेव्हा न आवडणारा तो अडाणी, असे म्हणून कुणाला सुटता येणार नाही.

१९६२ साली त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. शाळेतल्या मुलांसाठी लिहिलेले, मिळकतीची आशा असलेले पुस्तक. हा घाव त्यांना फार लागला. १९६४ च्या आरंभी पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले. प्रथम भोपाळ, आणि मग पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लक्ष घातल्यावर दिल्लीचे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थान. क्षयजन्य मेंदूज्वराने ११ सप्टेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. वय ४६. तोवर त्यांचा स्वतंत्र असा एकही कवितासंग्रह निघालेला नव्हता. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ त्याच वर्षी आला, पण तो हातात घेऊन पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ‘अंधेरे में’ हैदराबादच्या ‘कल्पना’ मासिकात नोव्हेंबरमध्ये छापली गेली. चित्रकार हुसेन त्यांच्या अंत्ययात्रेला गेले आणि पुढे जन्मभर अनवाणी राहिले.

१९८० मध्ये मणि कौल यांनी मुक्तिबोधांच्या लेखनावर ‘सतह से उठता आदमी’ हा चित्रपट केला आणि खोल की ढोंग हा वाद पुन्हा पेटला. चित्रपट अतिशय संथ आहे. मी तो दोनदा पाहिला. पहिल्यांदा तो मला लांबवल्यासारखा वाटला. दुसऱ्यांदा, कविता वाचून झाल्यावर, त्यातले भिलाईच्या कारखान्याचे दीर्घ दृश्य मला हलवून गेले. काही भाग मला अजूनही रुचत नाहीत, विशेषतः माणसे जेथे माणसांशी न बोलता पुस्तकाशी बोलल्यासारखी बोलतात तेथे.

राजनांदगाव आपल्यापासून दूर नाही. भंडारा रोडहून हावड्याच्या दिशेने जाणारी गाडी तेथे थांबते. दोन तळ्यांमधल्या त्या घरात आता त्यांचे स्मारक आहे. जिना अरुंद आहे, एका वेळी एकालाच चढता येते.