सँडफर्ड फ्लेमिंग : जगाची वेळ ठरवायला गेलेला इंजिनियर, जो मतदानात अर्धाच जिंकला

तुमच्या मोबाइलमधली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. पण ग्रिनिचच का? पॅरिस का नाही? याचं उत्तर १८८४ च्या एका मतदानात आहे.

कोण होते फ्लेमिंग?

जन्म १८२७, स्कॉटलंड. १८४५ मध्ये ते कॅनडाला गेले. तिथलं पहिलं टपाल तिकीट त्यांनीच डिझाइन केलं. पुढे ते रेल्वेचे मुख्य इंजिनियर झाले.

तेव्हा प्रत्येक शहराचं घड्याळ वेगळं होतं. १८७६ मध्ये आयर्लंडमध्ये वेळापत्रकातल्या चुकीमुळे त्यांची ट्रेन हुकली. त्यानंतर त्यांनी एकच ध्यास घेतला : २४ तासांचं घड्याळ आणि जगाचे २४ वेळपट्टे.

वॉशिंग्टनमध्ये काय झालं?

ऑक्टोबर १८८४. २५ देशांचे प्रतिनिधी शून्य रेखांश ठरवायला जमले. फ्लेमिंग ब्रिटनच्या शिष्टमंडळात कॅनडाचे प्रतिनिधी होते.

फ्रान्सने मागणी केली की रेषा तटस्थ हवी, कोणत्याही मोठ्या खंडातून जाऊ नये. ऐकायला हे तत्त्वाचं होतं. पण पॅरिस निवडलं जाणार नाही, हे दिसत असताना ग्रिनिचला रोखण्याचा तोच मार्ग उरला होता. प्रस्ताव २१ विरुद्ध ३ मतांनी पडला.

मग फ्लेमिंग यांनी आकडा मांडला. जगातली ७२ टक्के जहाजवाहतूक आधीच ग्रिनिचवर आधारलेले नकाशे वापरत होती. त्यांचा तोडगा असा : शून्य रेषा ग्रिनिचच्या बरोबर विरुद्ध बाजूला, पॅसिफिक महासागरात ठेवा. नकाशे तेच राहतील आणि कुणाचा मानही दुखावणार नाही.

त्यांच्याच ब्रिटिश सहकाऱ्यांनी साथ दिली नाही. २२ विरुद्ध १ मतांनी ग्रिनिच मंजूर झालं. फ्रान्स आणि ब्राझीलने मतच दिलं नाही. म्हणजे आकडा फ्लेमिंग यांचा, पण फायदा ग्रिनिचचा. वेळपट्ट्यांचा निर्णय तर परिषदेने घेतलाच नाही. ते नंतर एकेका देशाने आपापले स्वीकारले.

मतदान झालं, पण सगळ्यांनी मानलं का?

फ्रान्सने १९११ पर्यंत ग्रिनिच वेळ स्वीकारली नाही. स्वीकारली तेव्हाही कायद्यात ग्रिनिचचं नाव नव्हतं. 'पॅरिसची वेळ, ९ मिनिटं २१ सेकंद मागे' असं लिहिलं होतं!

भारताच्या वतीने त्या परिषदेत ब्रिटिश अधिकारी जनरल स्ट्रेची बसले होते. भारतीय कुणीच नव्हतं. १९०६ मध्ये सरकारने प्रमाणवेळ लागू केली, तरी मुंबईत ३९ मिनिटं मागे असलेली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकली.

फ्लेमिंग १९१५ मध्ये वारले. आज त्यांना प्रमाणवेळेचे जनक म्हणतात.

चार्जरच्या पिनपासून मोबाइल नेटवर्कपर्यंत आजही मानकं अशाच बैठकांत ठरतात. तिथेही दोन गोष्टी जड पडतात : बहुतेक लोक आधीपासून काय वापरतात आणि टेबलाभोवती कोण बसलंय. म्हणूनच तिथे आपल्या बाजूने कोण बसलंय, हे विचारायला हवं.